कात्रीत न सापडणारी पात्रं

२००० सालच्या जून महिन्यात अमेरिकेतल्या कार्टून नेटवर्कवर ‘सेलर मून’ या जपानी मालिकेचा तिसरा टप्पा सुरू झाला आणि त्यात दोन नव्या मुली दाखल झाल्या. एक उंच, आखूड केसांची, मोटारींच्या शर्यतीची शौकीन, बहुतेक वेळा मुलांचे कपडे घालणारी. दुसरी व्हायोलिन वाजवणारी, चित्रं काढणारी, चारचौघींत उठून दिसणारी. दोघी कायम बरोबर असायच्या. एकमेकींकडे बघताना पडद्यावर गुलाबी उजेड पसरायचा. इंग्रजी संवाद मात्र बजावून सांगत होते, की या दोघी एकमेकींच्या चुलत बहिणी आहेत.

मूळ जपानी मालिकेत, १९९४-९५ मध्ये, हारुका आणि मिचिरू ही एकमेकींवर प्रेम करणारी जोडी आहे. इंग्रजी डबिंगमध्ये त्यांची नावं अमारा आणि मिशेल अशी झाली, नातंही बदललं. चित्रं मात्र तीच राहिली. परिणाम असा झाला, की दोन मुलींचं प्रेम लपवायला निघालेल्या मंडळींनी नकळत बहिणी-बहिणींचं प्रेम पडद्यावर आणलं. आगीतून निघून फुफाट्यात पडणं म्हणतात ते हेच. शाळकरी प्रेक्षकांनाही काहीतरी गडबड आहे हे कळत होतं आणि या ‘चुलत बहिणी’ पुढे कित्येक वर्षं ॲनिमेशनच्या चाहत्यांत थट्टेचा विषय होऊन राहिल्या.

याच मालिकेच्या १९९५च्या पहिल्या इंग्रजी अवतारात आणखी सोपी युक्ती वापरली होती. खलनायकांच्या टोळीतले झोइसाइट आणि कुंझाइट हे दोन पुरुष मूळ मालिकेत एकमेकांच्या प्रेमात आहेत. झोइसाइटचे केस लांब, चेहरा नाजूक. त्याला बाईचा आवाज दिला, संवादांत त्याला ‘ती’ केलं आणि प्रश्न मिटला. पुढच्या एका टप्प्यातल्या फिश-आय या पुरुष पात्राचंही असंच झालं.

हे इतकं सहज का जमतं? नटाला शरीर असतं, चेहरा असतो, पडद्याबाहेरचं आयुष्य असतं. कार्टूनमधल्या पात्राकडे यातलं काही नसतं. ते पुरुष की स्त्री, हे ठरवतात चार रेषा, एक आवाज आणि इतरांनी त्याच्याविषयी वापरलेली सर्वनामं. रेषा संदिग्ध असल्या, तर आवाज आणि सर्वनाम बदलून पात्राचं लिंग एका दुपारीत बदलता येतं. ओठांची हालचालही कार्टूनमध्ये ढोबळ असते, त्यामुळे तोंडात कुठलंही वाक्य घालता येतं. मुलांच्या मालिका डझनावारी देशांत, डझनावारी भाषांत विकल्या जातात आणि प्रत्येक ठिकाणी कुणीतरी कात्री घेऊन बसलेलं असतं. त्यामुळे ॲनिमेशनमध्ये समलिंगी किंवा ट्रान्स पात्रं किती, ही मोजदाद फार काही सांगत नाही. ती पात्रं कथेत किती खोल रोवलेली आहेत, काढायची म्हटली तर सहज निघतात की गोष्टच कोसळते, हे पाहिलं की गेल्या तीस वर्षांचा इतिहास नीट उलगडतो.

जपानमध्ये अशी पात्रं आधीपासून होती. याचं एक मूळ रंगभूमीत सापडतं. ओसाकाजवळच्या ताकाराझुका या गावी १९१४पासून एक नाटक मंडळी प्रयोग करते आहे. तिच्यात सगळ्या नटी आहेत आणि पुरुषांच्या भूमिकाही त्याच करतात. बालगंधर्वांचा शालू डोळे भरून पाहिलेल्या महाराष्ट्राला हे कळायला वेळ लागू नये, फक्त इथे सगळं उलट आहे: तरुण मुली रांगा लावतात त्या पुरुष वेशातल्या नटीसाठी. जपानी कॉमिक्सचे जनक मानले जाणारे ओसामू तेझुका याच गावात वाढले. १९५३ साली त्यांनी मुलगा म्हणून वावरणाऱ्या राजकन्येची कथा चित्रित केली, ‘प्रिन्सेस नाइट’. पुढे रियोको इकेदा यांच्या ‘रोझ ऑफ व्हर्साय’ची १९७९ मध्ये ॲनिमेशन मालिका झाली. तिच्यातली ऑस्कर ही मुलगा म्हणून वाढवलेली, फ्रेंच राजवाड्याच्या पहाऱ्यावरची सेनाधिकारी आहे. ‘सेलर मून’मधल्या हारुकाची वंशावळ ही अशी. याच मालिकेचे एक दिग्दर्शक कुनिहिको इकुहारा यांनी बाहेर पडून १९९७ मध्ये ‘रिव्होल्यूशनरी गर्ल उतेना’ केली. राजकन्या व्हायचं सोडून राजपुत्र व्हायला निघालेल्या मुलीची ही गोष्ट आहे आणि तिचा सगळा डोलारा तिच्या दुसऱ्या एका मुलीशी असलेल्या नात्यावर उभा आहे.

म्हणजे जपान फार उदार होता असं समजायचं कारण नाही. त्याच काळातल्या कितीतरी मालिकांत बायकी पुरुष हा केवळ हशा पिकवण्यासाठी असायचा, आणि देशात समलिंगी विवाहाला राष्ट्रीय पातळीवर कायद्याची मान्यता अजूनही नाही. २०१६ सालच्या ‘युरी ऑन आइस’मध्ये दोन पुरुष स्केटर एकमेकांच्या प्रेमात पडतात. त्यांच्या चुंबनाचं दृश्य आलं, तेव्हा एकाचा हात नेमका कॅमेऱ्याच्या आड येतो. पाहणाऱ्यांना कळतं, आणि कुणी विचारलंच तर हात वर करायची सोयही राहते.

अमेरिकेत ही आड घेण्याची कला जास्त जुनी आहे. हॉलिवूडच्या निर्मात्यांनी १९३०मध्ये स्वतःवर जी आचारसंहिता लादून घेतली, ती १९३४पासून कडक झाली आणि १९६८पर्यंत टिकली. समलिंगी प्रेमाचा नुसता उल्लेखही तिच्यात निषिद्ध होता. मग दिग्दर्शकांनी खुणांची भाषा काढली. पात्राला उघड काही म्हणायचं नाही, पण चालणं, बोलणं, नटणं अशा खुणा पेरायच्या. या खुणा हळूहळू खलनायकांच्या वाट्याला गेल्या, कारण खलनायकाला शेवटी शिक्षा होते आणि कुणाची तक्रार येत नाही. संहिता गेली, सवय राहिली. नायक सरळसोट आणि खलनायक मात्र भुवया कोरलेला, नखं रंगवलेला, लाडिक बोलणारा, हा साचा कार्टूनच्या कित्येक पिढ्यांनी गिरवला.

या साच्यातलं सगळ्यात देखणं उदाहरण सिनेमातलं आहे. डिस्नेच्या १९८९च्या ‘द लिटल मरमेड’मधली अर्सुला ही समुद्रातली चेटकीण बाल्टिमोरच्या डिव्हाइन या ड्रॅग, म्हणजे स्त्रीवेशात वावरणाऱ्या, कलाकारावरून रेखाटली गेली. चित्रपटाचे गीतकार हॉवर्ड ॲशमन हेही मूळचे बाल्टिमोरचे, स्वतः समलिंगी. १९९१ साली एड्सने त्यांचा मृत्यू झाला. अर्सुला खलनायिका आहे, पण तिच्या चाहत्यांत समलिंगी प्रेक्षक कायम मोठ्या संख्येने राहिले. ती पडद्यावर येते तेव्हा बाकी सगळे फिके पडतात, हे ज्यांनी चित्रपट पाहिला आहे त्यांना सांगायला नको. डिव्हाइनला पडद्यावर आणलं ते बाल्टिमोरचेच दिग्दर्शक जॉन वॉटर्स यांनी आणि याच वॉटर्सचा आवाज पुढे एका मालिकेत उमटला.

ती मालिका म्हणजे ‘द सिम्पसन्स’. मोठ्यांसाठीची, रात्रीच्या वेळची. फेब्रुवारी १९९७च्या एका भागात सिम्पसन कुटुंबाची ओळख जुन्या वस्तूंचं दुकान चालवणाऱ्या एका हसतमुख माणसाशी होते. तो समलिंगी आहे हे कळताच होमरची घाबरगुंडी उडते आणि मुलगा ‘बिघडू’ नये म्हणून तो त्याला ‘पुरुष’ बनवायच्या उद्योगाला लागतो. सगळा विनोद होमरच्या भीतीवर आहे. फॉक्स वाहिनीच्या सेन्सॉरने पटकथेवर जवळजवळ ओळीगणिक शेरे मारले आणि शेवटी लिहिलं, की हा विषयच प्रसारणायोग्य नाही. निर्मात्यांनी रेखाटन होऊन येईपर्यंत वाट पाहायचं ठरवलं. चित्रं दक्षिण कोरियातून तयार होऊन आली तोवर वाहिनीचा प्रमुख बदलला होता, सेन्सॉरही बदलला होता. नव्या सेन्सॉरने एका ओळीत मंजुरी दिली. त्या भागाला एमी पुरस्कार मिळाला. पाहणारी जनता तीच, देश तोच, भागही तोच. बदलली ती फक्त खुर्चीतली माणसं.

मोठ्यांच्या मालिकांना निदान ही मुभा होती. मुलांच्या मालिकांत काय होत होतं, त्याचा दाखला अमेरिकेच्या सार्वजनिक वाहिनीवर, पीबीएसवर मिळतो. तिथे ‘आर्थर’ ही प्राण्यांच्या रूपातल्या शाळकरी मुलांची मालिका १९९६पासून चालू होती. तिच्यातल्या बस्टर नावाच्या सशाला घेऊन ‘पोस्टकार्ड्स फ्रॉम बस्टर’ ही वेगळी मालिका काढली. त्यात कार्टूनमधला बस्टर देशभर हिंडतो आणि खऱ्याखुऱ्या कुटुंबांना भेटतो. २००५ मधल्या एका भागात तो व्हरमाँट राज्यात मेपलच्या रसापासून साखर कशी करतात ते बघायला जातो. ज्यांच्या घरी जातो त्या मुलांना दोन आया आहेत. त्यावर भाष्य नाही, भाषण नाही. तरी नुकत्याच पदावर आलेल्या शिक्षणमंत्री मार्गारेट स्पेलिंग्ज यांनी पीबीएसला पत्र पाठवलं, की हा भाग सरकारी पैशातून झाला आहे आणि असं जगणं लहान मुलांना दाखवलेलं अनेक पालकांना आवडणार नाही. पीबीएसने भाग मागे घेतला. बोस्टनच्या ज्या केंद्राने तो बनवला होता, त्याने मात्र ज्यांना हवा त्या केंद्रांना तो दिला. अलाबामाच्या केंद्राने घेतला नाही.

चौदा वर्षांनी, मे २०१९ मध्ये, मूळ ‘आर्थर’मध्ये आणखी एक भाग आला. तिसरीच्या वर्गाचे कडक शिस्तीचे, घरच्या अभ्यासाचा डोंगर देणारे आणि केकवर जीव टाकणारे रॅटबर्न सर लग्न करणार असतात. मुलांची हेरगिरी चालू होते: नवरी कोण? लग्नाच्या दिवशी सर ज्याच्या हातात हात घालून येतात तो पॅट्रिक नावाचा चॉकलेटवाला असतो. मुलांना त्याचं काही वाटत नाही. त्यांना धक्का बसतो तो सरांचा नाच पाहून. अलाबामाच्या केंद्राने हाही भाग दाखवला नाही, त्या जागी जुना भाग लावला. पण या वेळी पीबीएस मागे हटलं नाही आणि कुठल्या मंत्र्याचं पत्रही आलं नाही. बस्टरच्या भागातल्या दोन आया या त्या भागापुरत्या पाहुण्या होत्या. रॅटबर्न सरांना मुलं तेवीस वर्षं ओळखत होती.

मधल्या काळात खाजगी वाहिन्यांत काय शिजत होतं, ते बाहेर फारसं दिसत नव्हतं. अमेरिकी वाहिन्यांत ‘स्टँडर्ड्स अँड प्रॅक्टिसेस’ नावाचा विभाग असतो. पटकथा, स्टोरीबोर्ड, तयार भाग असं सगळं त्याच्या नजरेखालून जातं. कुठला शब्द चालणार नाही, कुठलं दृश्य बदलायचं, हे तो कळवतो. ‘ग्रॅव्हिटी फॉल्स’चे निर्माते ॲलेक्स हर्श यांनी जून २०२२ मध्ये डिस्नेच्या या विभागाशी झालेल्या पत्रव्यवहारातले उतारे स्वतःच्या आवाजात वाचून दाखवले. त्यातले बरेचसे हसू आणणारे आहेत, साध्या साध्या शब्दांवरून घातलेले वाद. पण याच मालिकेच्या २०१४ मधल्या एका भागात, प्रेमदेवतेच्या मंत्राने दोन म्हाताऱ्या बायका एकमेकींच्या प्रेमात पडतात असा एक क्षणभराचा तुकडा स्टोरीबोर्डमध्ये होता. तो गेला. त्याच वर्षी कार्टून नेटवर्कच्या ‘क्लॅरेन्स’मध्ये दोन पुरुष एकमेकांच्या ओठांचं चुंबन घेतात असं दृश्य होतं. ते गालावर आलं. ही सगळी पार्श्वभूमीवरची, नाव नसलेली माणसं. त्यांना काढायला कात्रीही लागत नाही, खोडरबर पुरतं.

याच २०१४च्या डिसेंबरात निकेलोडियनच्या ‘द लेजंड ऑफ कोरा’चा शेवटचा भाग आला. नायिका कोरा आणि तिची मैत्रीण असामी हातात हात घेऊन, एकमेकींच्या डोळ्यांत बघत आत्म्यांच्या जगात निघून जातात. तिथेच मालिका संपते. चुंबन नाही, कबुली नाही. दोन-तीन दिवसांनी मायकेल दांते दिमार्टिनो आणि ब्रायन कोनिएत्झको या दोघा निर्मात्यांनी आपापल्या लेखांत सांगून टाकलं, की होय, हे प्रेमच आहे. कोनिएत्झको यांच्या लेखातली एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. मुलांच्या वाहिनीवर असं दाखवता येत नाही असं ते वर्षानुवर्षं धरून चालले होते. मग त्यांच्या ध्यानात आलं, की तसं त्यांना प्रत्यक्ष कुणी सांगितलेलंच नाही. त्यांनी विचारलं. वाहिनीने पाठिंबा दिला, एका मर्यादेपर्यंत. कात्री नेहमी दुसऱ्याच्याच हातात असते असं नाही. तोवर ही मालिका टीव्हीवरून काढून निकेलोडियनच्या संकेतस्थळावर नेलेली होती, हेही विसरता येत नाही. दोघींचं चुंबन दिसलं ते २०१७च्या कॉमिक पुस्तकात.

‘ॲडव्हेंचर टाइम’ला आणखी वेळ लागला. राजकन्या बबलगम आणि रक्तपिपासू मार्सलीन या दोघींत काहीतरी जुनं, न मिटलेलं आहे असं २०११ मधल्या एका भागातल्या गाण्यातून सुचवलं गेलं. ते गाणं लिहिणाऱ्या तरुण कलाकाराचं नाव रिबेका शुगर. मार्सलीनला आवाज देणाऱ्या ऑलिव्हिया ओल्सन यांनी २०१४ मध्ये एका जाहीर कार्यक्रमात सांगितलं, की निर्माते पेंडलटन वॉर्ड यांच्या मते या दोघींचं पूर्वी प्रेम होतं, पण मालिका जिथे दिसते त्यातल्या काही देशांत ते बेकायदा असल्यामुळे उघड दाखवता येत नाही. त्या वेळी असा कायदा असलेल्या देशांत भारतही होता. डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ पुन्हा जिवंत केलं होतं. बबलगम आणि मार्सलीन यांचं चुंबन अखेर मालिकेच्या शेवटच्या भागात आलं, ३ सप्टेंबर २०१८ रोजी. त्यानंतर तीनच दिवसांनी, ६ सप्टेंबरला, दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधल्या संमतीच्या समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारा त्या कलमाचा भाग रद्द केला. हा निव्वळ योगायोग, पण तारखा शेजारी ठेवल्या की बऱ्या दिसतात.

खरी उडी मारली ती रिबेका शुगर यांनी. २०१३ मध्ये सुरू झालेली ‘स्टीव्हन युनिव्हर्स’ ही कार्टून नेटवर्कवर एकट्या स्त्रीने निर्माण केलेली पहिली मालिका म्हणून नोंदली गेली. (शुगर यांनी पुढे, २०१८ मध्ये, आपण नॉन-बायनरी असल्याचं सांगितलं.) मालिकेतला स्टीव्हन हा लहान मुलगा परग्रहावरून आलेल्या तीन योद्ध्यांबरोबर राहतो. त्यांना ‘जेम्स’ म्हणतात, म्हणजे रत्नं. त्यांना मानवी अर्थाने लिंग नाही, पण रूप, आवाज आणि सर्वनामं स्त्रीची. दोन रत्नं एकत्र नाचता नाचता मिसळून एक नवंच, मोठं व्यक्तिमत्त्व बनू शकतात, हा त्या जगाचा नियम.

या योद्ध्यांची म्होरकी गार्नेट. धिप्पाड, मितभाषी, काळा चष्मा लावणारी. प्रेक्षक मुलं वर्षभराहून अधिक काळ तिच्या प्रेमात होती. मग मार्च २०१५ मध्ये पहिल्या टप्प्याच्या शेवटी कळतं, की गार्नेट ही मुळात एकटी नाहीच. ती रूबी आणि सॅफायर या दोन छोट्या रत्नांचं मिळून झालेलं रूप आहे. दोघींना एकमेकींपासून दूर राहवत नाही म्हणून त्या कायमच्या एक होऊन राहिल्या आहेत. त्यांच्या ग्रहावर दोन वेगवेगळ्या जातींच्या रत्नांनी असं मिसळणं हा गुन्हा आहे. गार्नेट लढता लढता गाते आणि आपण प्रेमापासून बनलेलो आहोत हे सांगते.

लेखनाच्या दृष्टीने हा डाव फार हुशारीचा आहे. कोराचा हात असामीच्या हातातून सोडवला तरी मालिका उरते. रूबी आणि सॅफायरचं प्रेम काढलं, तर गार्नेट उरत नाही आणि गार्नेट नसली तर मालिकाच उरत नाही. सेन्सॉरने खूण करावी असं दृश्य समोर नाही, आख्खं पात्रच ते नातं आहे.

तरी कात्री चाललीच, जिथे चालू शकत होती तिथे. जानेवारी २०१६ मध्ये ब्रिटनच्या कार्टून नेटवर्कने एका भागातला पर्ल आणि रोझ या दोन रत्नांचा जवळिकीचा नाच छाटला. त्याच भागातला रोझचा एका पुरुषाबरोबरचा नाच आणि चुंबन मात्र ठेवलं. स्थानिक मुलांना आणि पालकांना हे जास्त सोयीचं वाटेल, असं कारण दिलं गेलं. काही देशांतल्या डबिंगमध्ये रूबीला पुरुषी आवाज देण्यात आला. १९९५ मधल्या झोइसाइटवर केलेली शस्त्रक्रिया, फक्त उलट दिशेने.

याला शुगर आणि त्यांच्या चमूने दिलेलं उत्तर चित्रातून दिलेलं आहे. जुलै २०१८ मध्ये रूबी आणि सॅफायरचं लग्न झालं. मुलांच्या कार्टूनमधलं, मुख्य पात्रांचं, भागाच्या मध्यावर साग्रसंगीत पार पडलेलं. त्यात मऊ, लांब केसांची, एरवी झग्यात वावरणारी सॅफायर सूट घालते आणि आडदांड, अर्ध्या चड्डीत हिंडणारी रूबी नवरीचा पांढरा पोशाख घालते. हा नुसता गमतीचा बदल नव्हता. परदेशी डबिंगने रूबीला कितीही पुरुषी आवाज दिला, तरी नवरीच्या पोशाखातली ती ‘नवरा’ म्हणून खपवता येऊ नये, अशी ही तजवीज होती. सेलर मूनच्या काळात जी चित्रं संवादांपुढे हतबल होती, तीच चित्रं इथे संवादांच्या बंदोबस्ताला उभी केली.

किंमत मोजावी लागली. या लग्नापायी परदेशांतला आर्थिक पाठिंबा गेला आणि मालिका आवरती घ्यावी लागली, असं शुगर यांनी नंतर सांगितलं. २०१९ मध्ये ग्लाड या अमेरिकी संस्थेचा मुलांच्या कार्यक्रमांसाठीचा पुरस्कार ‘स्टीव्हन युनिव्हर्स’ला मिळाला, तो मिळवणारी ती पहिली ॲनिमेशन मालिका. पुरस्कार अमेरिकेत मिळतो आणि पैसा जगभरातून यावा लागतो, ही या धंद्याची खरी अडचण. केनियाच्या चित्रपट वर्गीकरण मंडळाने २०१७ मध्ये एका फटक्यात सहा कार्टूनांवर बंदी घातली होती. ‘स्टीव्हन युनिव्हर्स’, ‘ॲडव्हेंचर टाइम’, ‘कोरा’ आणि ‘क्लॅरेन्स’ ही चार त्यात होतीच, शिवाय दोन बाबांच्या घरात वाढणारा क्लाइड ज्यात आहे ती ‘द लाउड हाउस’ आणि जुनी ‘हे आर्नल्ड’. रशियात २०१३पासून अल्पवयीनांपुढे असल्या विषयांचा ‘प्रचार’ करायला कायद्याने बंदी आहे. प्रेक्षकांचा संताप हे कारण वाहिन्या पुढे करतात. विक्री विभागाचा हिशेब त्याहून जास्त भारी पडत असावा असं हा सगळा इतिहास पाहताना वाटतं.

नेटफ्लिक्ससारख्या सेवा आल्या आणि हा हिशेब काही काळ बदलला. तिथे देशोदेशींच्या वाहिन्यांना एकेक भाग विकावा लागत नाही. नेटफ्लिक्सवर २०१८ ते २०२० या काळात आलेल्या ‘शी-रा’च्या नव्या मालिकेत एन. डी. स्टीव्हन्सन यांनी शुगर यांचाच धडा पुढे नेला. एडोरा आणि कॅट्रा या बालमैत्रिणी, आता वैरिणी. बावन्न भाग त्यांचं हे नातं हाच कथेचा कणा आहे. अखेरच्या भागात जग वाचतं ते कॅट्राने प्रेमाची कबुली दिल्यामुळे, त्यातून एडोराला पुन्हा बळ मिळतं म्हणून. हे चुंबन कापलं तर जग कसं वाचलं हेच कळणार नाही.

डिस्नेमध्ये हीच लढाई डेना टेरेस यांनी लढली. त्यांच्या ‘द आउल हाउस’ची नायिका लूझ ही चौदा वर्षांची बायसेक्शुअल मुलगी आहे. डिस्ने चॅनलवर समलिंगी नातं दाखवता येणार नाही, असं सुरुवातीला काही वरिष्ठांनी सांगितलं होतं. टेरेस हटून बसल्या आणि परवानगी मिळाली. ऑगस्ट २०२० मध्ये लूझ आणि तिची मैत्रीण अमिटी एका राक्षसाशी लढता लढता एकमेकींबरोबर नाचल्या. २०२१ मध्ये मालिकेला मानाचा पीबडी पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी तिचा तिसरा टप्पा फक्त तीन विशेष भागांवर आणला गेला. मालिका डिस्नेच्या ‘ब्रँड’मध्ये बसत नाही असं एका वरिष्ठाचं मत पडलं, असं टेरेस यांनी चाहत्यांना सांगितलं. नेटफ्लिक्सवरची ‘डेड एंड: पॅरानॉर्मल पार्क’ ही मालिकाही दोनच टप्प्यांत, जानेवारी २०२३ मध्ये, बंद झाल्याचं जाहीर झालं. तिचा नायक बार्नी हा ट्रान्स मुलगा आहे. त्याची साथीदार नॉर्मा खान ही पाकिस्तानी वंशाची, ऑटिस्टिक मुलगी. दक्षिण आशियाई मुलीला अशी भूमिका अमेरिकी कार्टूनमध्ये क्वचितच मिळते, त्यामुळे ही मालिका लवकर गेल्याचं जास्त वाईट वाटतं.

म्हणजे पात्र कापता येत नसेल तर मालिका कापायची, असा हा पुढचा डाव. पण त्याला मर्यादा आहे. बंद झालेली मालिका शिल्लक राहते, तिची जुनी रूपंही दुरुस्त होतात. ‘सेलर मून’चे इंग्रजी हक्क विझ मीडियाने घेतले आणि २०१४पासून मालिका नव्याने डब व्हायला लागली. तिच्यात हारुका आणि मिचिरू पुन्हा प्रेयसी झाल्या, झोइसाइट पुन्हा पुरुष झाला. मूळ चित्रं जपून ठेवलेली होती म्हणून हे शक्य झालं. जे स्टोरीबोर्डवरच खोडलं गेलं, ते परत आणायला काहीच उरत नाही.

सध्याचा वारा त्या खोडरबराच्या बाजूने वाहतो आहे. मार्वलच्या ‘मून गर्ल अँड डेव्हिल डायनोसॉर’ या मालिकेतला, शाळेच्या संघातल्या एका ट्रान्स मुलीवरचा पूर्ण तयार भाग डिस्नेने दाखवलाच नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये तो इंटरनेटवर फुटला तेव्हा लोकांना दिसला. पुढच्याच महिन्यात पिक्सारच्या ‘विन ऑर लूझ’ या मालिकेची बातमी आली. मुलांच्या सॉफ्टबॉल संघावरच्या या मालिकेतली काई ही ट्रान्स मुलगी म्हणून लिहिलेली होती आणि तिच्यासाठी शॅनेल स्ट्यूअर्ट या ट्रान्स मुलीचीच निवड झाली होती. असे विषय मुलांशी कधी आणि कसे बोलायचे हे पालकांना स्वतः ठरवायचं असतं, असं सांगून डिस्नेने ते मोजके संवाद काढले. १९ फेब्रुवारी २०२५ रोजी मालिका डिस्ने प्लसवर आली. काईला आवाज स्ट्यूअर्टचाच आहे, पण ती ट्रान्स आहे हे सांगणारी एकही ओळ मालिकेत नाही.